सीबीएसची केबल न सोडता: माझ्या १२५ सीसी गाडीच्या जोडब्रेकची जुळणी

माझी मोटारसायकल २०२० सालची, १२५ सीसीची आहे. पुढे २४० मिलिमीटरची डिस्क, मागे १३० मिलिमीटरचा ड्रम आणि या दोन्हींना जोडणारी कॉम्बी ब्रेकची व्यवस्था, जिला गॅरेजमध्ये सगळेच सीबीएस म्हणतात, ती कारखान्यातूनच बसवून आलेली. या व्यवस्थेत हाताचा ब्रेक फक्त पुढच्या चाकाला लागतो. पायाचा ब्रेक दाबला की मात्र मागच्याबरोबर पुढचे चाकही धरले जाते. सपाट डांबरी रस्त्यावर ही सोय उत्तम आहे. गुहागर तालुक्यातल्या ज्या रस्त्यांवरून माझे रोजचे जाणे-येणे असते, त्यांचा बराचसा भाग मात्र सपाटही नाही आणि धड डांबरीही नाही. घराकडे उतरणारी वाट जांभ्याची आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि एरवी तांबडा भुगा साचतो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाऱ्याने आलेल्या वाळूचा पातळ थर असतो. दाभोळला जायचे तर धोपाव्याच्या जेटीवरून गाडी फेरीबोटीत चढवावी लागते, आणि ओहोटीला उघडा पडलेला तो काँक्रीटचा उतार ओला व बुळबुळीत असतो. अशा ठिकाणी पाय अगदी हलका ठेवला तरी पुढचे चाक आवळले जाई आणि हँडल एका बाजूला निसटू पाहत असे. शिवाय पाय उचलल्यानंतरही पुढचा ब्रेक क्षणभर तसाच धरून राही, आणि त्या क्षणाचीच मला जास्त भीती वाटे.

तक्रार ऐकताच आमच्या मेस्त्रींनी पाना हातात घेतला. "गुरुजी, केबल सोडून देतो. दहा मिनिटांचे काम. इकडे कितीतरी गाड्यांना तसेच केले आहे." ते खोटे बोलत नव्हते, पायाच्या ब्रेककडून पुढे जाणारी केबल सोडून टाकीखाली प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तरीही मी त्यांना थांबायला सांगितले, कारण या जोडणीचा कायदा आणि यंत्रणा दोन्ही नीट समजून घेतल्याशिवाय ब्रेकला हात लावू द्यायचा नाही, असे मी ठरवले होते.

कायद्याचा भाग लवकर उरकता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ एप्रिल २०१८ पासून दुचाकींच्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलनाही १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) आणि १२५ सीसीपर्यंत निदान सीबीएस सक्तीचे झाले. म्हणजे माझ्या गाडीतली जोडणी ही कंपनीने हौसेने दिलेली जादा सोय नसून गाडी रस्त्यावर आणण्याची अटच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात मनाजोगते फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात सुटलेली केबल कोणाच्या बाजूने बोलेल, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रणा समजून घेण्याला मात्र वेळ द्यावा लागला, आणि तो सत्कारणी लागला. दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र जोडण्याची कल्पना नवी नाही. इटलीच्या मोटो गुझीने १९७५ च्या सुमारास आपल्या ८५० टी-३ या मोटारसायकलीत पायाच्या पॅडलला मागची डिस्क आणि पुढच्या दोन डिस्कपैकी एक अशी जोडणी दिली होती. ती सगळी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारी होती. आपल्याकडे होंडाने २००९ मध्ये ॲक्टिवाला कॉम्बी ब्रेक आणला तो केबल आणि इक्वलायझरचा, म्हणजे ओढ दोन्ही ब्रेकमध्ये वाटणाऱ्या पट्टीचा, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये याच कुळीची रचना आहे, मग हीरो तिला आयबीएस म्हणो की टीव्हीएस एसबीटी.

माझ्या गाडीत पॅडलच्या मागे इंजिनाखाली एक लहानशी आडवी पट्टी आहे, तोच इक्वलायझर. पॅडल या पट्टीला मधोमध ओढते. तिच्या एका टोकाला मागच्या ड्रमकडे जाणारा रॉड आहे आणि दुसऱ्या टोकाला पुढे जाणारी केबल. ती केबल टाकीखालून हँडलपर्यंत येते आणि तिथे एका छोट्या तरफेने पुढच्या डिस्कच्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन ढकलते. केबलच्या बाजूला एक स्प्रिंग असते. तिच्यामुळे हलक्या दाबाला फक्त मागचा ब्रेक लागावा आणि पाय जोरात पडला की मगच पुढचा सामील व्हावा, अशी योजना आहे. पट्टीचे वागणे जुवासारखे आहे: दोन बैलांपैकी एक अडून बसला की जू त्याच्यावर तिरके होते आणि सगळी ओढ दुसऱ्याकडे वळते. मागच्या ड्रममधला कॅम, म्हणजे फिरून लायनर (घासणारे अस्तर) ड्रमवर दाबणारा तुकडा, गंजून जड झाला असेल, तर रॉडचे टोक जागचे हलत नाही, पट्टी त्याच टोकाभोवती फिरते आणि पायाची सगळी हालचाल केबलमध्ये उतरते. म्हणजे मागचा ब्रेक आजारी आणि लक्षण मात्र पुढच्या चाकात.

हे उमगल्यावर माझ्या तक्रारीचा अर्थच बदलला. हलक्या दाबाला पुढचे चाक धरले जाणे हा सीबीएसचा गुण नव्हेच. ती व्यवस्था बिघडल्याची खूण आहे. केबल सोडली असती तर लक्षण गेले असते, पण जड झालेला मागचा ब्रेक तसाच राहिला असता, आणि मग पायाच्या ब्रेकवर कुंभार्ली घाट उतरताना माझ्या हाती, खरे तर पायाखाली, काय उरले असते याचा विचार करावा. आपल्याकडे सायकलीपासूनच पुष्कळांच्या मनात पुढच्या ब्रेकची धास्ती असते आणि मोटारसायकलवर ते केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबतात. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. जोडणी आहे ती नेमकी अशा चालकांसाठी. ओल्या जांभ्यावर मात्र गाडी मुळातच हळू थांबते, वजन फारसे पुढे जात नाही, आणि तिथे पुढच्या चाकाने आधी धरले तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी उपयोगी पडेल असा एकच मार्ग होता: जोडणी शाबूत ठेवून आधी मागचे आणि मग पुढचे, हा क्रम परत मिळवणे.

मेस्त्रींना ही कल्पना पटली, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्यांनी काम मनापासून केले आणि मला शेजारी बसू दिले. मागचे चाक उतरवून ड्रमचे झाकण उघडले तेव्हा तांबडी माती आणि लायनरची काळी पूड यांची घट्ट खळ आत बसलेली दिसली. लायनर संपलेले नव्हते, मात्र त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता. ब्रेक आर्म काढून कॅम बाहेर ओढायला गेलो तर तो हाताने हललाही नाही. रॉकेल सोडून, लाकडी दांड्याने हळूहळू ठोकून तो काढावा लागला. त्याच्या दांड्यावर गंजाचे तपकिरी कडे चढले होते. खाऱ्या हवेत हे होणारच, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी बाहेरून नट आवळून गाडी परत दिली जात असेल, तर ते कोणाच्या नजरेसही येणार नाही. कॅमचा दांडा आणि त्याची बैठक बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढे लावले. इथे हात आखडताच ठेवावा लागतो, कारण जास्तीचे ग्रीस तापल्यावर लायनरवर उतरते. आर्म परत बसवताना कॅमवरचा ठिपका आणि आर्मवरचा ठिपका समोरासमोर आणला. एक दाता इकडेतिकडे झाला तरी लायनरची झीज दाखवणारा बाण खोटे सांगू लागतो.

इक्वलायझरच्या खिळांची अवस्था याहून बरी नव्हती. तो जमिनीला सर्वांत जवळ असल्याने पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल त्याच्यावरच येतो. खिळी काढून, रॉकेलने धुऊन, ग्रीस लावल्यावर पट्टी बोटाने झुलू लागली. पुढची केबल मात्र धुऊन भागणारी नव्हती; तिची आतली तार ओढली की येत होती, पण सोडली की अडखळत परत जात होती. पाय उचलल्यावरही ब्रेक धरून राहण्याचे एक कारण हे, आणि दुसरे कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, गाईड पिनांवर चढलेल्या मिठाच्या पापुद्र्यात सापडले. केबल कंपनीची नवीन आणली. पिना साफ करून रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. ब्रेक ऑइल काळपट झाले होते तेही बदलले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० आणि ओलावा शोषल्यानंतर १५५ अंश सेल्सिअस धरला जातो, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! नवीन केबल जुन्याच वाटेने नेली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे, नाहीतर वळणावर ब्रेक आपोआप लागेल.

यानंतर खरी जुळणी. गाडी मेन स्टँडवर घेतली आणि इंजिनाखाली फळकुटाचा ठोकळा सरकवून पुढचे चाकही अधांतरी केले. पॅडलशेजारी मोजपट्टी उभी धरून मेस्त्री हाताने पॅडल दाबत होते आणि मी एकेक चाक फिरवून पाहत होतो. पुस्तिकेत पॅडलची मोकळी चाल, म्हणजे ब्रेक लागू लागण्याआधी पॅडल जितके खाली जाते ते अंतर, २० ते ३० मिलिमीटर सांगितली आहे. आम्ही रॉडचा नट आवळून ती खालच्या हद्दीजवळ आणली, म्हणजे मागचे लायनर लवकर टेकतील. मग केबलचा ॲडजस्टर पुस्तिकेने दिलेल्या हद्दीतच थोडा सैल केला. आता पॅडल खाली जाताना आधी मागचे चाक घासू लागे, आणखी दाबल्यावर ते थांबे, आणि त्यानंतर पुढच्या चाकावर पकड येई. शेवटपर्यंत दाबल्यावर पुढचे चाक हाताने फिरता कामा नये, ही अट मी सोडली नाही. केबल इतकी सैल करायची की पुढचा ब्रेक कधी लागणारच नाही, याला जुळणी म्हणता येत नाही, ते केबल सोडण्याचेच सभ्य रूप झाले. रॉडची जागा बदलल्यामुळे मागचा लाल दिवा उशिरा लागू लागला होता, म्हणून त्याच्या स्विचचा नटही फिरवला. ही गोष्ट फार जण विसरतात. पुढच्या टायरमध्ये पुस्तिकेतल्या २५ पीएसआयपेक्षा बरीच जास्त हवा निघाली. ती कमी केल्याचा फायदा वाळूवर लगेच जाणवला.

पहिली चाचणी सकाळच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर घेतली. हलक्या दाबाला गाडी मागून धरली जात होती, जोरात दाबल्यावर पुढचा काटा किंचित बसत होता, आणि पाय उचलताच दोन्ही चाके मोकळी होत होती. नंतर घराकडची जांभ्याची वाट, मग वाळूचा रस्ता. धोपाव्याचा उतार मी मुद्दाम शेवटी ठेवला. ओहोटी होती, खालच्या भागावर हिरवट थर चमकत होता. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, इंजिनाच्या ओढीवर गाडी सोडून पायाचा नुसता स्पर्श ठेवला. मागचे चाक एकदा जरासे सरकले, हँडल मात्र सरळ राहिले. बोटीच्या फळीवर चढताना मागून येणाऱ्या मासळीच्या टेम्पोने हॉर्न वाजवला तेव्हाच मला जाणवले की मी गरजेपेक्षा फारच हळू चाललो होतो.

या जुळणीने सीबीएस नाहीसे झालेले नाही, हे गाडी दुसऱ्या कोणाला देताना मी सांगतो. ओल्या शेवाळावर घाबरून पाय पूर्ण दाबला तर पुढचे चाक आजही धरले जाईल आणि निसटेलही. तसल्या जागी पाय हलका ठेवणे आणि वेग आधीच कमी करणे याला पर्याय नाही. ज्यांच्या जुन्या गाडीत मुळात जोडणीच नव्हती त्यांना हा ब्रेक काही काळ परका वाटतो, पण त्यासाठी केबल सोडण्याचे कारण मला दिसत नाही. माझ्या चुलतभावाच्या गाडीची सोडलेली केबल आम्ही दिवाळीच्या सुट्टीत परत जोडली. त्याच्याही ड्रममधला कॅम तसाच अडकलेला निघाला.

आता पावसाळा संपला की मागचे चाक उतरवून कॅम पाहायचा, इक्वलायझर धुवायचा आणि मोकळी चाल मोजपट्टीने मोजायची, असे मेस्त्रींशी ठरले आहे. लायनरचा बाण अजून खुणेपासून थोडा दूर आहे, पण त्यांच्या मते पुढचा पावसाळा त्यावर काढू नये, म्हणून नवीन जोडी आधीच मागवून ठेवली आहे.