हे सगळं हाताने काढलंय का?

घरी येणारे लोक माझ्या जुन्या निळ्या-पांढऱ्या इंग्लिश प्लेट्स बघून हटकून विचारतात, एवढं बारीक काम, हे हाताने काढलंय का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. काढलेलं नाही, छापलंय, पण त्या छापण्यात जेवढे हात लागलेत ना तेवढे कुंचल्याच्या कामातही लागले नसते.

याला ट्रान्सफरवेअर म्हणतात. इंग्लंडमधल्या स्टोक गावात जोसाया स्पोड या भांडी बनवणाऱ्या कारखानदाराने 1784 च्या सुमारास ग्लेझखालची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराखालची, निळी छपाई नीट जमवली आणि मग आजूबाजूच्या सगळ्याच कारखान्यांनी ती उचलली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, पत्रा गरम करून त्यात कोबाल्ट या धातूपासून केलेली निळी तेलकट शाई भरायची, पातळ टिश्यूवर छाप घ्यायचा, तो कागद एकदा भाजलेल्या कोऱ्या प्लेटवर लावून ताठ ब्रशने जोर लावून घासायचा, मग कागद पाण्याने धुवायचा, तेल जाळायला परत भट्टी, मग ग्लेझ, मग पुन्हा भट्टी! आणि निळाच का, तर ग्लेझच्या भट्टीत टिकेल असा भरवशाचा रंग तेव्हा कोबाल्टच होता, बाकीचे रंग नंतर आले.

छापणारा बहुतेक पुरुष, पण कागद कापायच्या मुली आणि चिकटवायच्या बायका. खरं अवघड काम त्यांचंच, कारण मधलं चित्र एकवेळ बसतं, पण काठाची पट्टी सरळ आणि प्लेट गोल, म्हणजे ती छाटून, वळवून, कुठेतरी जोडावीच लागणार. माझ्या एका विलो प्लेटच्या (विलोचं झाड असलेलं ठरावीक चिनी धाटणीचं चित्र असतं ती) काठावर नक्षीतलं फूल अर्ध्यात कापलं गेलंय आणि त्याला चिकटून पुढच्या तुकड्यातलं भलतंच पान सुरू होतं. लोक याला डिफेक्ट म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईने ओला कागद फाटू न देता तिथे बसवलाय, आणि तिचं नाव प्लेटच्या मागे कुठेच नाही. मागे कारखान्याचं नाव, स्पोड असतं, मिंटन असतं, क्लूज असतं. फार तर एखादी बारीक चांदणी किंवा टिंब, हे काम कोणाचं ते कळायला.

मागे 'इंग्लंड' असं छापलं असेल तर प्लेट बहुतेक 1891 नंतरची, अमेरिकेच्या कायद्यामुळे तिथे पाठवायच्या मालावर देशाचं नाव घालावं लागायचं. पण मी आधी प्लेट उलटी करतच नाही, काठावर जोड शोधते. पुढे मशीनवर छापलेल्या प्लेट्सवर तो सहसा सापडत नाही.