हाताला चाळा

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसात लाईट गेली. पंखे थांबले, प्रिंटर अर्धं पान तोंडात धरून बसला, आणि त्या शांततेत एकच आवाज उरला. टिक-टक, टिक-टक. माझ्या बॉलपेनच्या खटक्याचा. समोरच्या टेबलावरच्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं ऐकतेय मी हे." पंख्याच्या घरघरीमागे आपण झाकलेले आहोत, असं मी समजत होतो.

संध्याकाळी मेन रोडला गेलो. चुंबकाचं पेन मिळतं, हे भाचीकडून ऐकलं होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन मांडली. पेन कसलं, लोहचुंबकाच्या पेरांचा ऊसच तो! कांड्या सुट्या करायच्या, पुन्हा जोडायच्या. एखादी उलटी घातली की खालचीला शिवत नाही, रिफीलभोवती अधांतरी तरंगत राहते. तेवढ्यावर माझी पाच मिनिटं गेली.

"घरात लहान मूल आहे?" दुकानदाराने विचारलं. भाचीचा मुलगा दीड वर्षाचा आहे, येतो अधूनमधून. "मग ड्रॉवरला कुलूप घाला. दोन तुकडे पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना पकडतात, मधे भोक पडतं." पेन विकणारा माणूस इतकं खरं बोलतो म्हटल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पहिलं दिसायला राजबिंडं, पण दोन ओळी लिहिल्या आणि अंगठा भरून आला. पेनाने आधी लिहावं, मग खेळावं, हा माझा हट्ट आहे. दुसऱ्याची रिफील कुठल्याच दुकानात मिळणाऱ्यातली नव्हती, शिवाय एका कडेचा निकेलचा मुलामा उडालेला. आत लोखंड असतंच, ते गंजणार. तिसरं हाताला बसलं. फक्त त्याच्या कांड्या जुळताना टाक् असा आवाज होतो, माझ्या जुन्या खटक्याहून चांगला खणखणीत. ज्याच्यासाठी निघालो तेच हुकलं होतं, हे कळत असूनही घेतलं. मॅडम दुसऱ्या दिवशी "बघू जरा" म्हणाल्या. दुपारपर्यंत ते त्यांच्याच टेबलावर होतं. टाक्, टाक्.

परत आलं तेव्हा त्याला टाचण्या, यू-क्लिपा आणि स्टेपलरच्या पिनांची दाढी फुटली होती. ती दाढी मी ओळखली.

आमच्या लहानपणी हे असलं जोरकस चुंबक मुलांच्या हाती नव्हतं. निओडिमियम नावाच्या धातूचं हे चुंबक जपानात मासातो सागावा यांनी १९८२ साली बनवलं, ते आमच्या पंचवटीतल्या वाड्यापर्यंत कधी पोचावं! आमचं चुंबक म्हणजे मेलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं कडं. त्याला सुतळी बांधून गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर जायचं आणि वाळूतून फरफटत न्यायचं. वर काढलं की काळ्या कणांची दाढी. सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात, ते झिजून नदीत येतात, हे फार नंतर कळलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, गंगेत बुडालेल्या भांड्यांचा तो कीस आहे. घरी आणून कागदावर पसरायचा, खालून कडं फिरवायचं. कण उभे राहायचे, झोपायचे, पुन्हा उभे राहायचे. अभ्यासाच्या वेळी तर फारच सुंदर दिसायचे.

"चाळे पुरे झाले!" आजी ओटीवरून ओरडायची. तिचे स्वतःचे हात तेव्हा फुलवाती वळत असायचे. दुधाचं बोट लावायचं, चिमटीत एक पीळ, की वात डब्यात. शेजारी आजोबांचा अडकित्ता सुपारी नसतानाही उघडमीट करत असायचा. त्यांना कोणी काही म्हणत नसे. आजीचा लक्ष वातींचा संकल्प होता. तो पुरा झाल्यावर थांबेल असं वाटलं होतं, तर तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा कापूस मागवला. "आता कशासाठी?" आईने विचारलं. "हाताला चाळा," म्हणाली.

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा माणसं ओळखेनाशी झाली होती. बोटं मात्र चादरीवर सारखी वळत असायची. "सलाईन निघेल, हात बांधावा लागेल," नर्स म्हणाली. आईने तिच्याकडून ड्रेसिंगचा कापूस मागून घेतला आणि आजीच्या मुठीत ठेवला.

पहाटे मी गेलो तेव्हा उशीपाशी अकरा फुलवाती होत्या. बिनदुधाच्या, जराशा वाकड्या.