आपुलिया बळें

आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर उभी राहून मी माउलींशी भांडले. १९ जून २०२५, प्रस्थानाचा दिवस. देऊळवाड्याकडे पाऊल टाकायला जागा नव्हती, टाळांच्या आवाजाने कान भरून गेले होते, आणि मी पाण्याकडे बघत मनात एकच म्हणत होते. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवलेस ना तू? मग माझ्या माणसाच्या तोंडून एक शब्द का नाही? एकच मागतेय. पाणी. नाहीतर माझं नाव.

आदल्या वर्षी दिवाळी सरताना यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. पाय हळूहळू सुधारला. काठी टेकत अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ लागले. वाचा मात्र आली नाही. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. बोललेलं बरंचसं कळतं, सांगायचं काय तेही आत असतं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते, "नाही नाही". चहा घेणार का म्हटलं की "नाही नाही", आणि डावा हात कपाकडे. मुलगा कामावरून आला की "नाही नाही", आणि डोळ्यांत आनंद.

हा माणूस एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता. भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारा. निवृत्तीनंतर आठ वर्षं आषाढीची वारी पायी केली, टाळ घेऊन, एकाच दिंडीत. आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चौतीस वर्षांत बहुतेक वेळा पहिलीचाच वर्ग माझ्याकडे असे. ज्या लेकरांच्या घरात पाटी नव्हती, त्यांनाही मी वाचायला लावलं आहे. तेव्हा मला वाटलं, हे काम माझंच. मी यांना बोलतं करणार.

चित्रांची कार्डं केली. कप, तांब्या, गाय, दार. वही घातली, तारखा टाकल्या. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मी "पा" म्हणायची, ओठ कसे मिटतात ते दाखवायची. हे माझ्या ओठांकडे बघत जीव तोडून प्रयत्न करायचे. "पा... पा... नाही नाही." कपाळावर घाम यायचा. फेब्रुवारीत एकदा यांनी कार्डं डाव्या हाताने ढकलून दिली आणि मी म्हणाले, "तुम्ही मनापासून करतच नाही." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते गेलंच. त्यानंतर दोन दिवस यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक सांगितलं होतं. पाठ असलेलं काही म्हणून घ्या. अंक, वार, आरती, स्तोत्र. अनेकदा स्वतःचं वाक्य जुळत नाही, पण तोंडपाठ असलेलं, त्यातही चालीवरचं, बाहेर येतं. मेंदूत त्याची वाट थोडी वेगळी असते. मी घरी येऊन तेही केलं. यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हरिपाठ म्हणा बघू." परीक्षेला बसवावं तसं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हललेसुद्धा नाहीत. मी वहीत त्यापुढे फुली मारली.

ज्येष्ठ लागला तसे हे अस्वस्थ झाले. रोज भिंतीवरच्या टाळांकडे बोट. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी, आधीच भरलेली होती. शेवटी एका सकाळी यांनी टाळ खाली काढायला लावले, डाव्या हाताने माझ्या मांडीवर ठेवले आणि दाराकडे हात केला. मुलगा म्हणाला, "आई, तू जा. बाबांचं मी बघतो." मी आयुष्यात सलग दहा किलोमीटर चालले नव्हते.

पुण्यातले दोन दिवस गर्दीत आणि पावसात कसे गेले कळलं नाही. पण पुणे ते सासवड हा टप्पा मी विसरणार नाही. तीस किलोमीटरच्या वरची चाल, वर एकादशीचा उपास आणि मधे दिवेघाट. वडकी नाल्यापासून चढ सुरू झाला तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. घाटात वळणावर मागे वळून पाहिलं तर खालपर्यंत पताकाच पताका, आणि रथाला जादा बैलजोड्या लावून वर आणत होते. माझ्या ओळीतल्या बायका "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत सरळ चढत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी माझ्याहून वयाने मोठ्या. मी पावलं मोजत होते. शंभर मोजायची, थांबायची. तिसऱ्या शंभरानंतर मोजणं जमेना. मग शेजारणीच्या तोंडाकडे बघून तिच्याबरोबर "ज्ञानोबा" म्हणत गेले. "ज्ञानोबा"ला उजवा पाय, "माउली"ला डावा, "तुकाराम"ला पुन्हा उजवा. घाट कधी संपला ते सांगता येणार नाही.

रात्री सासवडला तळावर परभणीकडच्या एका आजींनी सुईत दोरा ओवून माझे फोड फोडले आणि दोरा आतच ठेवला, पाणी निथळायला. तेवढ्यात मी घरी फोन लावला. मुलाने फोन यांच्या कानाला धरला. मी सुरू झाले. "काय खाल्लं आज? सांगा. खि... खिचडी. म्हणा. खि..." पलीकडून "नाही नाही". पुन्हा मी, पुन्हा तेच. फोन ठेवला तेव्हा माझा गळा दाटून आला होता.

आजींनी सगळं ऐकलं होतं. पायावर हळद दाबत म्हणाल्या, "कामून इचारती त्यांला?"

"बोलावं म्हणून," मी म्हणाले.

"मंग संगं म्हण की बाई. इचारून कुनी बोलतंय व्हय?"

मला राग आला. शिकवायचं कसं ते मला कोण सांगणार! त्या रात्री मी पाठ करून झोपले. सासवडला सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतानाही तो राग मनात होता.

जेजुरीत भंडाऱ्याने माखलो आणि वाल्ह्याच्या वाटेला लागलो. दिंडीत दिवसाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, चालताना वेळेवेळेचे अभंग, आणि संध्याकाळचा तळ जवळ येऊ लागला की हरिपाठ. मला हरिपाठ येत होता. लहानपणी आजोळी रोज संध्याकाळी व्हायचा. पण येणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे वाल्ह्याच्या अलीकडे उमगलं. चौथा अभंग चालू होता. "भावेंवीण भक्ति भक्तिवीण मुक्ति, बळेंवीण शक्ति बोलूं नये." आणि पुढचं चरण: "कैसेनि दैवत प्रसन्न त्वरित, उगा राहें निवांत शिणसी वायां."

माझा टाळ थांबला. मागची बाई माझ्या अंगावर आली. शिणसी वायां. हे कोणी मला उद्देशून म्हटलं? फेब्रुवारीतली ती सकाळ, घामाने भिजलेलं यांचं कपाळ, वहीतली ती फुली, सगळं त्या दोन शब्दांत होतं. त्याच्याच पुढे येतं, "सायास करिसी प्रपंच दिननिशीं, हरिसी न भजसी कवण्या गुणें." सायास मी खरंच केले होते. त्यात खोट नव्हती. पण त्या सगळ्या महिन्यांत मी यांच्याजवळ बसून एकदाही, काही न मागता, देवाचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं तेही यांच्याकडून काढून घेण्यासाठी.

नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घातलं गेलं. मी काठावरून हात जोडले आणि पालखीमागून लोणंदला पोचले.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. घोडे दोन्ही रांगांमधून दौडत गेले आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मीही लावली. तिथून तरडगावकडे निघालो आणि दिंडीत हरिपाठ सुरू व्हायच्या आधी मी मुलाला फोन केला. म्हटलं, बाबांजवळ फोन ठेव, आवाज मोठा कर, काही विचारू नकोस. तू तुझं काम कर. माझा फोन मी पदराच्या गाठीत बांधून गळ्याशी घेतला आणि सगळ्यांबरोबर म्हणू लागले. पलीकडे काय होतंय ते ऐकूच येत नव्हतं. टाळ-मृदंगात कसं ऐकू येणार? फलटणलाही तसंच केलं. रात्री मुलाला विचारायचा मोह व्हायचा. नाही विचारलं.

पालखी तळावर पोचली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, आणि चोपदार चोप उंचावून "हो" म्हणतो. त्यासरशी सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाची म्हातारी आई. घरात गेले सात-आठ महिने जी शांतता होती तिची मला भीती वाटायची. ही शांतता तशी नव्हती. फलटणच्या त्या शांततेत मी पहिल्यांदा यांच्यासाठी काही मागितलं नाही. नुसती उभी राहिले.

बरडला मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. "आई, बाबा म्हणतायत."

"काय म्हणतायत?"

"सगळं नाही. तुम्ही सगळे म्हणता ना, ते शेवटचं."

दुसऱ्या दिवशी नातेपुत्याच्या वाटेवर हरिपाठ सुरू झाला तशी मी ओळीतून बाहेर निघून एका बाभळीखाली थांबले. फोन कानाला लावला, दुसरा कान बोटाने बंद केला. इकडे दिंडी म्हणत होती, "हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा", आणि माझ्या कानात, जरा मागून, जरा फाटलेला, पण तोच, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज: "पुण्याची गणना कोण करी." पुढच्या अभंगानंतर पुन्हा. मग पुन्हा. "गणना" हा शब्द अगदी स्वच्छ. जिथे "पाणी" येत नव्हतं तिथे "गणना" येत होती.

हरिपाठ संपला आणि मी चूक केलीच. म्हणाले, "अहो, ऐकताय ना? माझं नाव सांगा. एकदा."

थोडा वेळ काही नाही. मग "नाही नाही".

मी बाभळीखाली बसून रडले. पण ते रडणं पूर्वीसारखं नव्हतं.

त्या रात्री दिंडीत कीर्तन झालं नाही, नुसतं बसून बोलणं झालं. आमचे विणेकरी बाबा फार बोलत नाहीत. यांना ते आठ वर्षं ओळखतात. मी त्यांना सगळं सांगितलं, नाव मागितल्याचंही. त्यांनी वीणा उतरवला नाही, विणेकऱ्याने उतरवायचा नसतो. तसेच उभे राहून तुकोबांचा एक अभंग म्हणाले. "आपुलिया बळें नाहीं मी बोलत, सखा भगवंत वाचा त्याची." त्यात साळुंकीचा दृष्टान्त आहे. ती मंजुळ बोलते, पण शिकवणारा धनी वेगळाच. बाबा एवढंच म्हणाले, "माउली, तुकोबांनासुद्धा स्वतःच्या बळावर बोलता येत नव्हतं म्हणे. मग आपल्याला काय येणार?"

तुकोबांचे अभंग मी शाळेत मुलांना शिकवले होते. अर्थ फळ्यावर लिहून दिला. नम्रता, असं लिहायची मी. संत नम्र असतात. तो अर्थ किती थोडा होता! ज्याचा शब्द खरोखर गेला आहे, त्याच्या बायकोला ही ओळ वेगळी ऐकू येते. स्वतःचा शब्द उरला नाही तरी म्हणायला काही उरतं, आणि ते आधीच कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं असतं. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात म्हटलं आहे, "असोनि संसारीं जिव्हे वेगु करी." जिभेलाच सांगितलंय, घाई कर. माझ्या यांची जीभ तेवढी घाई करत होती. मी मागत होते ते नाव तिला जमलं नाही, हरीचं जमलं.

पुढचे दिवस मी वाटेत काही मोजलं नाही. पुरंदवड्याचं गोल रिंगण, वेळापूरचा धावा, वाखरीची गर्दी, सगळं अंगावरून गेलं. रोज हरिपाठाला फोन पदरात असायचा. मुलगा सांगायचा, आज "देवाचिये द्वारीं" म्हणाले, आज दोन चरणं जास्त. मी "बरं" म्हणायची. यांच्याकडून मी पुन्हा काही मागितलं नाही.

एकादशीला पंढरपुरात फोन लागेना. लाखो माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दुपारपासून मी लावत होते, लागला की लगेच तुटायचा. दर्शनाची रांग तर माझ्या पायांना झेपण्यासारखी नव्हतीच. नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळसाला हात जोडले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन बसले. हरिपाठाची वेळ झाली. फोन पिशवीत टाकला, यांचे टाळ काढले आणि एकटीनेच सुरू केलं. दुसऱ्या अभंगाला कोणत्या गावच्या कोण चार बायका येऊन बसल्या, त्यांना मी अजून ओळखत नाही. पाचव्या-सहाव्याला आम्ही पंधरा-वीस झालो.

द्वादशीचं पारणं सोडून यात्रेच्या जादा एसटीने परत निघाले. कंडक्टर पोरगा दारात उभा राहून "पुढं सरका, मागं जागा आहे" ओरडत होता. मी टाळ मांडीवर घेऊन त्याचा आवाज ऐकत बसले.

घरी आले तेव्हा हे अंगणात खुर्चीवर होते. मी टाळ यांच्या मांडीवर ठेवले, पायावर डोकं ठेवलं. यांनी डाव्या हाताने माझ्या कपाळाचा बुक्का पुसून स्वतःच्या कपाळाला लावला. मुलगा आतून पाणी घेऊन आला.

"आई, परवा तुझा फोन आला नाही."

"लागलाच नाही रे."

"मला वाटलं, आज राहिलं. बाबा घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी मला हाताने खाली बसायला सांगितलं आणि स्वतःच सुरू केलं. पहिले तीन झाले. चौथ्यात 'उगा राहें निवांत'पर्यंत आले आणि पुढचं येईना."

"मग? तू सांगितलंस?"

"मला कुठं येतंय? बाबा थांबले थोडा वेळ. मग परत पहिल्यापासून."