हिमोग्लोबिन १२.१, आणि एका चिठ्ठीसाठी ११ दिवस

झोप पुरी व्हायची, तरी सकाळी अंग उचलवत नव्हतं. शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून गेले की फळ्याला हात टेकून आधी श्वास घ्यायचा आणि मग हजेरी. वेणी घालताना केसांचा गुंता हातात यायचा. घरचे म्हणायचे, दगदग फार होते तुझी. मलाही तेच वाटायचं. असे सहा महिने गेल्यावर श्रावणात एकदाचं ते 'फुल बॉडी' पॅकेज केलं. साठाच्या वर चाचण्या, आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर.

डॉक्टरांनी पहिलं पान पाहिलं. "हिमोग्लोबिन १२.१, छान आहे. थायरॉइड नॉर्मल. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.८, शुगर जरा काठावर आहे. गोड बंद करा, रोज चाला." झालं. थकव्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, या वयात बायकांना एवढं असतंच. मी भात कमी केला, संध्याकाळी पाऊण तास चालायला लागले आणि आणखीच गळून गेले.

माझ्या वन्सं मिरजेला लॅबमध्ये आहेत, वीसेक वर्षं रक्तच तपासतात. त्यांना रिपोर्ट पाठवला तर दहा मिनिटांत फोन. "वहिनी, दुसऱ्या पानावर आरडीडब्ल्यू बघा. १६.४, पुढे बारीक एच छापलाय, म्हणजे जास्त. एमसीव्ही ७९, तिथे एल आहे, म्हणजे कमी. लाल पेशी लहान आणि आकारानं एकसारख्या नाहीत. डब्यात पीठ दिसतंय म्हणून कणगी भरलेली आहे असं समजू नका. फेरिटिन कुठंय?"

फेरिटिन नव्हतंच. शरीरात लोहाचा साठा किती आहे हे सांगणारी चाचणी साठ चाचण्यांत नव्हती. वन्सं म्हणाल्या, परत सुई टोचून घ्यायची गरज नाही. पिवळ्या झाकणाच्या नळीतलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, बऱ्याच लॅब काही दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. आजच जा आणि त्याच नमुन्यावर फेरिटिन वाढवून मागा.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल." पॅकेज घेताना कुणी चिठ्ठी मागितली नव्हती! साठ चाचण्या नुसत्या पैशांवर होतात आणि एकसष्टाव्या चाचणीला चिठ्ठी लागते. असं का, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

दवाखान्यात गेले. तिथल्या काउंटरवर, "फॉलोअपची मुदत संपली, नवा केसपेपर काढा. डॉक्टर सोमवारी भेटतील." सोमवारी डॉक्टर बाहेरगावी. बुधवारी नंबर लावून दीड तास बसले. आत मला बोलूच दिलं नाही. "लोह बघायचंय ना?" म्हणत त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, सीरम आयर्न. ते फेरिटिन नव्हे. सीरम आयर्न जेवणाने, गोळीने, दिवसाच्या वेळेने खालीवर होतं, एकट्या त्या आकड्यावरून साठा कळत नाही. मला हे लॅबमध्ये पोचल्यावर, वन्संना फोन लावला तेव्हा कळलं. काउंटरवर विनंती केली, तर चिठ्ठीवर जे असेल तेच करणार. पुन्हा दवाखाना. कंपाउंडर म्हणाले, चिठ्ठीत बदल फक्त डॉक्टर करतील, ते आता ऑपरेशनला गेलेत.

अकराव्या दिवशी बरोबर चिठ्ठी घेऊन काउंटरवर उभी राहिले, तेव्हा उत्तर मिळालं, नमुना टाकून दिला. तिथल्या बाकावर बसून मी रडले. रडण्याइतकं काही झालं नव्हतं, पण अंगात त्राणच नव्हतं आणि त्या अकरा दिवसांत माझं म्हणणं एकानेही पुरतं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेले. चिठ्ठी न मागता रक्त घेतलं. फेरिटिन ६. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली लोहाची कमतरता मानते.

तो कागद घेऊन एका फिजिशियन बाईंकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पाळीत किती दिवस जातं? रक्ताच्या गाठी पडतात का?" तोवर कुणीही हे विचारलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे मांसल गाठ, निघाला, रक्त तिथून जात होतं. त्याचे उपचार वेगळे सुरू झाले. ५.८ बद्दल त्या म्हणाल्या, लोह कमी असलं की एचबीएवनसी खरा असतो त्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, साठा भरला की परत बघू.

आता आठवेल तसं सांगते. जुने रिपोर्ट टाकू नका. माझं हिमोग्लोबिन तीन वर्षांपूर्वी १३.८ होतं. १२ च्या वर म्हणून नॉर्मल छापलेलं १२.१ हे माझ्यासाठी घसरलेलं होतं, पण जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन वाढतं, तेव्हा करू नका, खोटा दिलासा मिळतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या चाचणीआधी डॉक्टरांना सांगा, काही यंत्रांवर त्यांनी आकडा चुकतो. मी घेत होते आणि सांगायचं मला सुचलंही नव्हतं.

लोहाची गोळी मात्र मनाने सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषातही पेशी लहानच दिसतात आणि तिथे साठा भरलेला असू शकतो. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर पोटात कुठे रक्तस्राव आहे का, हे शोधावंच लागतं. मला एक दिवसाआड एक गोळी दिली, कारण रोज घेण्यापेक्षा तशी प्रत्येक गोळी जास्त शोषली जाते. गोळीच्या आगेमागे चहा नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि हो, थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

तीन आठवड्यांत धाप कमी झाली, केसांना वेळ लागला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १३.४, फेरिटिन ३१, एचबीएवनसी ५.५. गोळ्या अजून चालूच आहेत, कारण बाई म्हणाल्या, हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा मागून.

पुढची फेरिटिन मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी. तिची चिठ्ठी मी आत्ताच लिहून घेतली आहे, फेरिटिन हा शब्द नीट वाचून, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे.