तो त्यांच्या पंगतीला बसतो

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय आमच्या चर्चच्या मंडळीत इतक्यांदा वाचून झालाय, की ‘हरवलेलं मेंढरू’ म्हटलं की रविवारच्या शब्बाथ शाळेतली पोरं पुढचं घडाघडा म्हणून टाकतात. पहिली दोन वचनं मात्र सगळे भरभर ओलांडतात. जकातदार आणि पापी लोक येशूभोवती जमलेत आणि धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी व शास्त्री कुरकुरतायत, की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्याबरोबर जेवतो. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा या तिन्ही गोष्टी त्या कुरकुरीला उत्तर म्हणून आल्या. म्हणजे ऐकणाऱ्यांत घरात सुखरूप बसलेलेच पुढे होते. आणि तक्रार होती पंगतीची.

दिवाळीनंतर आमच्या नेवाशाकडच्या रानात धनगरांचे वाडे उतरतात. खतासाठी शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. एका धनगर आजींना मी विचारलं होतं, “शंभरातलं एक चुकलं तर नव्व्याण्णव सोडून जाल का हो?” आजींना प्रश्नच चमत्कारिक वाटला. “सोडून कशाला? बाकीची माणसं हायेत की वाड्यावर. पण जायला तर पायजेच. लांडगा काय सकाळपर्यंत थांबतोय?” मग म्हणाल्या, “दमलं की झुडपात बसून ऱ्हातं ते. हाका मारून येत न्हाई. उचलूनच आणावं लागतं.” इतकी वर्षं खांद्यावर मेंढरू घेतलेल्या येशूचं चित्र आमच्या भिंतीवर आहे. खांद्यावर का, याचं इतकं साधं उत्तर मला कुठल्या उपदेशात मिळालं नव्हतं.

माझी आजी नेवाशाजवळच्या वडाळा मिशनकडे बायबलबाई होती. वाड्या-वस्त्यांवर जायची, बायकांना अक्षरओळख करून द्यायची आणि सुवार्ता सांगायची. तिची पद्धत आईनं सांगितलेली: ओट्यावर बसायचं, समोरच्या बाईच्या सुपातले जोंधळे आपणही निवडायला घ्यायचे. पोरांचं काय, सासूचा गुडघा कसा आहे, हे सगळं आधी. जात्यावर बाई बसली असेल तर दुसऱ्या बाजूनं खुंटा धरायचा आणि ओवीच्याच चालीवर येशूचं गाणं म्हणायचं. कुणी म्हणालं, “आज नको, बाई,” तर नको. पाणी पिऊन पुढच्या घरी. काही घरांत पाणीही वरून ओंजळीत ओतायचे. तरी ती पुढच्या खेपेला त्या घरी जायचीच.

आता आमचं सोपं झालंय. सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोवर वचन टाकलं की येशूबद्दलची साक्ष झाली! नाहीतर मग कर्णा लावून अख्ख्या गल्लीची झोप मोडायची. मला दोन्ही पटत नाही. “आमचं वागणंच आमची साक्ष” असं म्हणून आयुष्यभर तोंडच न उघडणंही पटत नाही, हे सांगून टाकते.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळकांचंच घ्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्यानं त्यांना नवा करार दिला. पुढे त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला मात्र त्यापुढचं जास्त मोलाचं वाटतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं सांभाळूनच, स्वयंपाक-पाणी वेगळं. टिळक रागीट म्हणून प्रसिद्ध, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. सोवळं लक्ष्मीबाईंनी आपल्या विचारानं सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य पुढे त्यांनीच पुरं केलं. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही.

हल्ली येशूचं नाव काढलं की समोरचा ‘आमिष काय?’ या नजरेनं बघतो. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ती नजर कलम दाखवून जात नाही. भुकेल्याला जेवायला घालायचं ते तो भुकेला आहे म्हणून. ताटाखाली बाप्तिस्म्याचा अर्ज ठेवला की ते जेवण राहत नाही, आणि असं करणारे आमच्यातही असतील तर लोकांचा संशय मला फुकटचा म्हणता येत नाही.

आता घरचं. माझे धाकटे दीर दारूपायी चर्चमधून तुटले, मग घरातूनही. “प्रार्थनेत आठवण करतो,” असं पुष्कळांनी सांगितलं. केलीही असेल. पण मंडळीतले एक रिटायर्ड कंपाउंडर संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर जाऊन त्यांच्याशेजारी बसायला लागले. चहा, क्रिकेट, उसाचा भाव. उपदेशाचं अक्षर नाही. लोक म्हणायला लागले, कंपाउंडरही लागले वाटतं नादाला! कित्येक महिन्यांनी दिरांनीच त्यांना विचारलं, “तुम्ही रोज कशाला येता?” तेव्हा कंपाउंडरांनी येशूचं नाव घेतलं. काय बोलले, ते दोघांनाच ठाऊक.

दारू पूर्ण सुटलीय असं नाही. कधी उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, अर्पणाची थाळी फिरायच्या आत निघून जातात. ते बसले की त्या बाकावरच्या एक बाई उठून पुढे जातात. धाकट्या मुलाच्या त्या गोष्टीत, धाकटा परतला म्हणून मेजवानी झाली तेव्हा थोरला भाऊही रुसून घराबाहेरच उभा होता, आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर आला होता. ती बाई उठली की मला हे आठवतं, आणि राग निम्माच राहतो. निम्मा राहतोच.

यंदाच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र पंगतीला, मी दिरांना आणि टपरीवरच्या त्यांच्या दोघा दोस्तांना बोलावलंय. दोस्त ख्रिस्ती नाहीत. जेवणाच्या कमिटीतल्या एकीनं विचारलं, “अहो, ते आपल्यातले आहेत का? माणसं मोजून भात टाकायचाय.”

म्हटलं, तीन माणसं वाढव.