काळी लोकर कुणाला छळते?

काळ्या लोकरीचं काम म्हटलं की भल्याभल्या विणणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. टाके दिसतच नाहीत! ज्याला मुळात दिसत नाही, त्याला काळी काय नि पिवळी काय, टाका हाताला सारखाच लागतो. त्याला छळते ती केसाळ, फुलारलेली लोकर. तिच्यात टाक्याच्या कडा बुडून जातात आणि उसवायला घेतलं तर गुंता होतो. म्हणून सुरुवातीला गुळगुळीत, घट्ट पिळाची, जाडसर लोकर आणि ५ मिमीची क्रोशाची सुई घ्यावी.

दोन सुयांच्या विणकामाआधी क्रोशा शिकणं सोयीचं. तिथे ओळभर टाके सुईवर उघडे असतात, इथे एकच. हात थांबवताना तो फासा सैल ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम सुरक्षित.

खरी कसोटी पहिल्या ओळीची. फाशातून फासा ओढत केलेली पायाची साखळी आवळली गेली तर सुईचं टोक आतच शिरत नाही. तेवढ्यापुरती एक नंबर जाड सुई वापरावी. साखळीची पुढची बाजू वेणीसारखी लागते, मागे बारीक उंचवटे. अंगठ्याने चाचपताना उंचवट्यांच्या जागी मध्येच वेणी लागली, की पीळ पडला समजायचं.

खांब म्हणजे सुईला लोकरीचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका. २० खांबांसाठी २२ साखळ्या घालायच्या. सुईकडून पहिल्या ३ मिळून एक खांब, चौथीपासून प्रत्येकीत एक असे १९. पुढच्या ओळीला वळताना घातलेल्या ३ साखळ्याही खांबच; पण बोटाला त्या इतक्या किरकोळ लागतात, की परतताना त्यांच्या माथ्यावरचा खांब हमखास राहतो. असा एकेक गळत रुमालाचा त्रिकोण होतो. तिसरी साखळी घालतानाच तिच्यात पिन अडकवावी. ओळी मोजायला दोन वाट्या आणि मूठभर राजमा. ओळ संपली की एक दाणा इकडचा तिकडे.

रंग सांगणारी मोबाइल अॅप्स आहेत, पण पिवळ्या दिव्याखाली ती पांढऱ्याला खुशाल क्रीम म्हणतात. दुकानातच विचारून प्रत्येक रंग ब्रेल चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत ठेवलेला बरा. आणि रंगांपेक्षा गंमत उठावाच्या, म्हणजे खालच्या ओळीतल्या खांबालाच वेढून घातलेल्या खांबांत आहे! ओळीत दोन पुढून, दोन मागून घातले, दर दोन ओळींनी उलटापालट केली, की टोपलीची वीण बोटांखाली उमटू लागते.

उरलेली टोकं लपवायला बोथट, मोठ्या नेढ्याची सुई. लोकर सुईवर दुमडून ताणायची, ती घडी चिमटीत घट्ट धरून सुई काढायची आणि नेढं घडीवर दाबायचं. ओवायला डोळस माणूस लागत नाही. चष्मा सापडेनासा झाला की तेच सुई घेऊन येतात.