जांगगमच्या नावच्या दहा नोंदी

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची महिनाभर आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी राहायला होती. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं आटपली की आम्ही दोघी ‘दे जांग गम’ ही कोरियन मालिका लावायचो. 54 भाग आहेत तिचे. 2003-04 साली तिकडे लागली होती, नंतर दूरदर्शननं हिंदीतही दाखवली. पण तेव्हा माझ्या ड्युट्या अशा होत्या की एक भाग धड पाहून झाला नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेली अनाथ पोर कटात सापडते, हद्दपार होते, वैद्यक शिकते आणि थेट राजाची वैद्य होते, अशी गोष्ट.

“मावशी, ही खरंच होऊन गेली का गं?” भाचीनं तिसऱ्याच दिवशी विचारलं.

होऊन गेली. कोरियाच्या जोसन राजघराण्याच्या दप्तरात जांगगम नावाची वैद्यबाई आहे, राजा जुंगजोंगच्या काळात, म्हणजे 1506 ते 1544. हे दप्तर आपल्या बखरींसारखं मागाहून लिहिलेलं नाही. दरबारात इतिहासकार बसायचे आणि रोजचं रोज टिपून ठेवायचे. राजा गेला की त्या टिपणांवरून त्याच्या काळाचा इतिहास सिद्ध व्हायचा, आणि ती टिपणं राजानं बघायची नाहीत असा दंडक होता. 1404 मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. दप्तरात तो पडल्याचंही आहे आणि ‘कळू देऊ नका’ म्हणाल्याचंही आहे.

हे वाचून मी भाचीला म्हटलं, बघ, नोट्स लिहायच्या त्या अशा. मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं होतं, लिहिलं नाही तर केलं नाही.

हे सगळं दप्तर आता इंटरनेटवर मोफत वाचता येतं. भाची एकेक नोंद फोनवर भाषांतर करून मला वाचून दाखवायची. जांगगमच्या नोंदी जेमतेम दहा. मुदपाकखान्याचा त्यांत उल्लेखही नाही. तिचे आईवडील, स्वयंपाकघरातलं वैर, तिला घडवणारी हान बाई, तिच्यासाठी जीव टाकणारा अधिकारी, सगळं मालिकेनं रचलेलं. राजवाड्यात रांधायचं काम तर बरंचसं पुरुष आचारी करत. शेवटच्या भागात ती पोट उघडून बाळ काढते, तेही दप्तरात नाही. ते बघताना मी भाचीचा हात घट्ट धरला होता, हे मात्र खरं.

वैद्यबायांची पद्धत मालिकेनं रचलेली नाही. पुरुष वैद्याला नाडी दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करत, म्हणून 1406 मध्ये सरकारी दासींच्या मुलींना वैद्यक शिकवायला सुरुवात झाली. जांगगम त्याच परंपरेतली. मालिकेत राजा तिला ‘दे’, म्हणजे थोर, अशी पदवी देतो. दप्तरात 1524 साली हे ‘दे’ येतं ते पगाराच्या हुकमात. तिची विद्या बाकीच्यांपेक्षा थोडी बरी आहे आणि ती आत जाऊन शुश्रूषा करते, म्हणून पूर्ण पगार तिला द्यावा. ‘थोडी बरी’, एवढंच. सरकारी कागदावर आमच्यासारखीचं कौतुक याहून जास्त मी कधी पाहिलेलं नाही, आणि मला ते पुरेसं वाटलं.

पण मी अडकले ती 1515 च्या नोंदीवर. राणी जांगग्योंग बाळंत झाली, मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत राणी गेली. दरबारी मंडळी हटूनच बसली, वैद्याला शिक्षा करा, जांगगमला शिक्षा करा. राजाचं उत्तर नोंदलंय. बाळंतपण तिनं नीट पार पाडलं, खरं तर तिला मोठं बक्षीस मिळायचं, ते या दुःखामुळे राहून गेलं. बक्षीस देता आलं नाही म्हणून तिला फटके तर मारता येणार नाहीत.

भाचीला मी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी रात्रपाळीत एक बाई गेली. बाळ सुखरूप होतं, रडलं, मीच टॉवेलात गुंडाळलं. त्यानंतर रक्त थांबेना. डॉक्टर धावत आले, रक्ताच्या बाटल्या आल्या, आणि पहाटे पाचाच्या आधी सगळं संपलं. बाहेर तिची सासू विचारत होती, “बेन, छोकरो के छोकरी?” सकाळी नातेवाइकांनी माझं नाव घेतलं. तीन महिने चौकशी चालली. मी काय केलं, कधी केलं, हे मला कोणी विचारलं नाही, केस पेपर वाचला. त्यावर दर पंधरा मिनिटांचं बीपी होतं, पॅड किती बदलले ते होतं, डॉक्टरांना फोन किती वाजता केला ते होतं, सगळं माझ्या वाकड्या अक्षरात. शेवटी एक कागद आला, दोष आढळला नाही. त्यात ती बाई नव्हती, ते बाळ नव्हतं, आणि त्या रात्री माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते तेही नव्हतं.

जांगगम पुढं एकोणतीस वर्षं तरी कामावर राहिली. 1544 मध्ये राजा शेवटच्या आजारात होता. मंत्री तब्येतीची चौकशी करायला आले तेव्हा तो म्हणाला, माझी लक्षणं वैद्यबाईला ठाऊक आहेत. पोट साफ झालं, आता बरं वाटतंय, हा त्याचा निरोप बाहेर येऊन जांगगमनंच सांगितला. दप्तरानं तेही टिपून ठेवलंय. त्याच वर्षी राजा गेला, आणि पुढं तिचं नाव कुठं येत नाही.

1515 मधलं ते बाळ 1544 मध्येच गादीवर बसलं आणि वर्षही पुरं न होता वारलं. माझं बाळ असलंच तर आता पंचविशीच्या आसपास असेल. त्याचं नाव काय ठेवलं ते मला माहीत नाही. केस पेपरवर मी ‘मुलगा, 2.8 किलो, लगेच रडला’ एवढंच लिहिलं होतं.